हळदीखालचा रंग

लग्नघरात दुखण्याला लपायला फार जागा असतात. नवरीचे डोळे लाल झाले, तर रडली बिचारी. अंग तापलं, तर ऊन बाधलं. पोटात काही ठरेना, तर कालच्या मटणावर ढकलायचं. आणि बोलता बोलता ती मध्येच हरवली, तर माहेर सुटतंय म्हणून सगळ्या बायांनी पदर डोळ्याला लावायचे. केसरीनाथकाकांच्या घरी नेमकं हेच झालं. हे दुखणं ओळखू शकेल असं त्या घरात एकच माणूस होतं, क्षितिजा. आणि तीही सगळ्यांबरोबर शहाण्यासारखी मान डोलवत होती.

क्षितिजा काकांच्या थोरल्या भावाची मुलगी. भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागलं की शेलारच्या पुढे त्यांचं गाव. जिथे भाताची खाचरं होती तिथे आता लांबच लांब गोदामं उभी आहेत आणि घराला तिसरा मजला चढला आहे. क्षितिजा मुंबईला एका प्रयोगशाळेत जंतूंच्या विषांवर संशोधन करते. गावात त्याबद्दल तिला कोणी फारसं विचारत नाही. "आमची क्षिती विषावर हाय," एवढंच काशीकाकी पाहुण्यांना सांगते, आणि क्षितिजाने पुढे केलेला चहा घेताना पाहुण्यांचा हात जरा घुटमळतो.

विचारलं ते एकट्या ऋतिकाने. ऋतिका म्हणजे नवरी, केसरीनाथकाका आणि काशीकाकीची एकुलती एक लेक, शाळेत शिकवणारी, गालावर कायम हसू. हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी तिचा चुडा भरून झाला होता. दोन्ही हातांत मनगटापासून वर गच्च हिरव्या बांगड्या, तळहातांवर आदल्या दिवशीची मेंदी, आणि उजव्या तळहातावर वेलबुट्टीत दडवलेलं कुणालचं नाव. दुपारी माजघरात चटई टाकून तिघी आडव्या झाल्या होत्या, ऋतिका, क्षितिजा आणि काशीकाकी. शेलारच्या बाजूने कापडाच्या लूमची खटखट येत होती. तिची सवय असलेल्याला तिच्यावर झोप लागते, नसलेल्याला वेड लागतं.

"ताई, तू नेमकं करतेस काय गं? माझ्या वर्गातली मुलं विचारतात, तेव्हा मी सांगते, माझी बहीण जंतू पाळते."

"पाळत नाही बाई. त्यातल्या एका जंतूचं विष आपल्या पेशींना कसं धरतं, ते बघते."

"कसं धरतं?"

क्षितिजा उठून बसली. हा प्रश्न तिला कोणी विचारला की तिचं असंच होतं. "आपल्या रक्तात पहारेकरी असतात. प्रत्येकाला शत्रूचा एकच चेहरा पाठ. दुसऱ्या काही पेशी असतात, त्या शत्रूचा बारीकसा तुकडा तळहातावर ठेवून दारोदार फिरतात. हा तुझ्या ओळखीचा का, हा तुझ्या ओळखीचा का? पहारेकरी वाकून बघतो. नसेल तर म्हणतो, पुढे जा. असेल तर तिच्या तळहातावर आपला तळहात ठेवतो, आणि मगच आरोळी देतो."

"मुलगी बघायला येतात तसंच की."

"तसंच. पण हे विष काय करतं, तळहाताकडे जातच नाही. तुकडा नाही, चेहरा नाही, काही नाही. बाहेरच्या बाजूने येतं आणि—" क्षितिजाने एका हाताने ऋतिकाचं उजवं मनगट पकडलं, दुसऱ्या हाताने काकीचं, आणि दोन्ही एकमेकांना टेकवली. "असं बांधून टाकतं. ना नाव विचारलं, ना गाव. त्या दोघींना वाटतं, जमलं! पहारेकरी बोंब ठोकतो. एक नाही, हजारो. शत्रू कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही, आणि सगळा गाव काठ्या घेऊन रस्त्यावर. मग ते आपलीच घरं फोडत सुटतात."

"आई गं!" ऋतिकाने हात झटकन मागे घेतला.

"लागलं?"

"नवा चुडा आहे ना. टोचतो." मग ती हसली. "म्हणजे तुझं विष म्हणजे आपला मनोजमामा. दोन्हीकडच्यांना न विचारताच जमवून मोकळा."

काशीकाकी पोट धरून हसली. मनोज तिचा सख्खा भाऊ, आणि त्याने जमवलेल्या दोन सोयरिकी अजून कोर्टात आहेत. क्षितिजाही हसली, आणि त्या हसण्यात ती टोचणी विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळद लागली. आगऱ्यांची हळद म्हणजे अर्धं लग्नच. गोदामासमोरच्या मांडवात माणूस मावत नव्हता, डीजेने छाती हादरत होती. पण पुतळाबाई पाटावर येऊन बसली तेव्हा केसरीनाथकाकांनी स्वतः जाऊन डीजे बंद करवला. पुतळाबाई गावची धवलारीण. लग्नातले धवळे तिने गायचे, देवांना तिने बोलवायचं, आणि काय चालतं काय चालत नाही ते तिने सांगायचं. तिने डोळे मिटले आणि एकेका देवाला नावाने हाक मारली, गावदेवीला, वज्राबाईला, खाडीच्या देवाला, शिवेवरच्या वाघोबाला. तिची प्रथा अशी की नाव घेतल्याशिवाय कोणी मांडवात येत नाही, देवही नाही. ऋतिका पिवळी पिवळी होत गेली. कपाळ, गाल, मान, हात, पाय, कुठे म्हणून मूळ कातडी दिसेना.

क्षितिजाने तिच्या गालाला हळद लावली तेव्हा गाल कढत लागला.

"ताप आहे का गं तुला?"

"काल सांजच्याला अकलोलीच्या गरम कुंडात लय येळ बसली," काकीने परस्पर उत्तर दिलं. "देवीला पत्रिका ठेवाया गेलो व्हतो ना. त्याची गरमी हाय."

क्षितिजाने तापाची गोळी दिली. ते आठवलं की आजही तिला स्वतःच्या हातांचा राग येतो. विषाची लक्षणं जी झोपेतून उठवली तरी घडाघडा म्हणून दाखवेल, तिने हळदीच्या हातांनी एक गोळी दिली आणि नाचायला गेली.

लग्नाचा मुहूर्त दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गाई परतण्याच्या वेळेचा. नवरीचं नाहाण दुपार कलल्यावर. तोवर अंगावरची हळद उतरवायची नाही आणि उंबरठा ओलांडायचा नाही. ऋतिकाला सकाळी दोनदा उलटी झाली. डोळे लाल झाले, ओठही. पाय दुखतात म्हणाली, तर रात्रभर नाचलेल्या सगळ्याच मुलींचे पाय दुखत होते. मग तिने बोलणं कमी केलं आणि आत्या-मावश्यांनी पदर डोळ्यांना लावले. क्षितिजा तिच्याशेजारी मागच्या खोलीत पडून राहिली. वर पंखा फिरत होता, उन्हाचा एक पट्टा भिंतीवरून सरकत होता, लूम चालू होते. तिचा डोळा लागला.

स्वप्नात तोच मांडव होता, पण भिंती नसलेला. सगळं पिवळं, हवासुद्धा. पाहुण्यांची रांग लागली होती आणि प्रत्येकाने तळहात पुढे केला होता. त्यावर तांदळाचा एकेक दाणा. समोरून दुसरी रांग येत होती. त्यातले लोक वाकून दाणा बघायचे, मान हलवायचे, पुढे जायचे. कोणालाच घाई नव्हती. पुतळाबाई पाटावर बसून नावं घेत होती आणि ज्याचं नाव घेतलं तो येऊन बसत होता. मग क्षितिजाला दिसलं, नाव न घेताच कोणीतरी आत आलं आहे. अंगावर लग्नाचेच कपडे, चेहरा मात्र नाही. तो रांगांच्या मधून चालला होता, हातात हळदीचा दोरा होता, आणि दिसेल त्या दोघांची मनगटं एकमेकांना बांधत होता. दाणे खाली पडत होते. बांधलेले लोक आनंदाने ओरडत होते, ओरडता ओरडता खांब उपटत होते. "ऋतिका कुठाय?" क्षितिजा विचारत होती, आणि त्या बोंबेत तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. ती बोंब हळूहळू लूमची खटखट झाली.

ती जागी झाली. उन्हाचा पट्टा ऋतिकाच्या मानेवर आला होता. घामाचा एक ओघळ तिच्या कानामागून गळ्यापर्यंत उतरला होता आणि त्याने हळद धुऊन नेली होती. त्या बोटभर जागेत कातडी लाल होती. पुरळ नाही, डाग नाही. उन्हात भाजून निघावी तशी सपाट लाल. क्षितिजाने बोट दाबलं. पांढरी झाली. बोट उचललं, लाली परत आली.

हा रंग तिने पुस्तकात पाहिला होता. तिने फडक्याने दंड पुसला, पोट पुसलं, मांडी पुसली. जिथे जिथे हळद निघाली तिथे तिथे तोच रंग होता.

"ऋतू, मी कोण?"

ऋतिकाने डोळे उघडले. "मांडवात पाणी शिरलंय का गं?" ती म्हणाली. "सगळ्यांचे पाय भिजलेत."

क्षितिजा किंचाळली तशी काशीकाकी धावत आली, मागोमाग अर्धं घर. क्षितिजाने दोन वाक्यांत सांगितलं, अंगात विष पसरलंय, रक्तदाब पडतोय, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्यायला हवं, नाहीतर ती जाईल. 'जाईल' हा शब्द लग्नघरात उच्चारल्याबद्दल एका मावशीने तिच्याकडे रागाने पाहिलं.

"डॉक्टरला हितंच बोलाव," काकी दारात आडवी उभी राहिली. "हलदीची नवरी उंबरठा वलांडत न्हाय, क्षिती. वाटंवर काय बाय असतंय. हलदीच्या वासान धरतंय."

"काकी, धरलंय! केव्हाच धरलंय तिला!"

काकी हटेना. ती अडाणी नव्हती, दुष्ट तर त्याहून नव्हती. एकुलत्या लेकीला काही होऊ नये म्हणूनच ती दार अडवून उभी होती. क्षितिजाला तिला ढकलावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. तेवढ्यात पुतळाबाई गर्दीतून पुढे आली. तिने ऋतिकाच्या मानेवरची लाल रेघ पाहिली, कमरेचा सुपारीचा अडकित्ता काढला आणि ऋतिकाच्या मुठीत कोंबून मूठ मिटवली.

"लोखंड हातात हाय तंवर वाटंवरचा कुनी शिवत न्हाय. उचला पोरीला. काशे, बाजूला व्हय."

धवलारणीने सांगितल्यावर काकी बाजूला झाली. मनोजमामाने गाडी काढली, काकी आणि पुतळाबाईही आत बसल्या. वाडा रोडवर नेहमीसारखे कंटेनर खोळंबले होते. मामाने हॉर्नवरचा हात काढला नाही आणि शिव्या मराठी-हिंदी दोन्ही भाषांत दिल्या. ऋतिकाचं डोकं क्षितिजाच्या मांडीवर होतं. तिच्या अंगाची हळद क्षितिजाच्या साडीला लागत होती आणि खालचा लाल रंग उघडा पडत होता.

भिवंडीतल्या त्या हॉस्पिटलात डॉक्टर बाई तरुण होत्या, पण भांबावणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सलाईन लावली, औषधं सुरू केली, एक औषध जंतू मारणारं आणि एक जंतूचं विष बनवणंच थांबवणारं. हे त्याच जंतूचं विष असावं, हा आपला संशय क्षितिजाने सांगितला तेव्हा त्यांनी मान डोलावली.

"मलाही तेच वाटतंय. पण मग कारखाना कुठे आहे? हा जंतू एका जागी गप्प बसतो आणि विष तेवढं बाहेर सोडतो. ती जागा सापडली नाही तर आपण नुसतं पाणी उपसत बसू." त्या काकीकडे वळल्या. "कुठे गळू, जखम, भाजलेलं? पाळी चालू आहे?"

"काय न्हाय," काकी म्हणाली. "पोरीला खरचटलंसुदिक न्हाय."

डॉक्टरांनी नाक पाहिलं, घसा पाहिला, पाय पाहिले. क्षितिजा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. वरती यंत्रावरचा रक्तदाबाचा आकडा खाली खाली येत होता आणि तिच्या कानात कुठूनतरी परवा दुपारची ती हसरी कुजबुज येत होती. नवा चुडा आहे ना. टोचतो. तिने त्या मनगटाला धरलं होतं. विष कसं धरतं ते दाखवायला तिने नेमक्या त्याच जागी बोटं रुतवली होती.

"चुडा काढा," ती म्हणाली. "उजव्या हाताचा."

नर्सने साबण लावून पाहिला. हात सुजला होता, बांगड्या सरकेनात. तोडाव्या लागणार होत्या. आणि इथे मात्र काशीकाकी कोसळली. लग्न लागायच्या आधी हिरवा चुडा तोडायचा, तोही आईच्या डोळ्यांदेखत? तो कोणाचा तोडतात ते तिला ठाऊक होतं. तिने लेकीचा हात छातीशी धरला. "नवरा जित्ता हाय तिचा! भाईर उभा हाय!"

खरंच उभा होता. कुणाल बातमी कळताच तसाच निघून आला होता, अंगाला हळद, कपाळावर सुकलेले तांदूळ. दारातूनच तो म्हणाला, "आये, मी हाय ना. चुड्यापायी मना काय व्हत न्हाय. तोडू द्या." काकीने नुसती मान हलवली, नाही, नाही.

पुतळाबाई काकीच्या शेजारी टेकली. तिने त्या हिरव्या बांगड्यांवरून बोट फिरवलं.

"काशे, चुडा भरताना मी काय गायले? एकेक बांगरी एकेका देवाच्या नावान भरली का न्हाय?"

"भरली."

"मंग ज्याची त्याला परत देऊ. तोडत न्हाय आपण, परत देतोय. पोर बरी झाली की देवच पुन्यांदा घालतील." आणि तिने नर्सला खुणावलं.

नर्सने मनगटाभोवती ओलं कापड गुंडाळलं आणि पक्कड घेतली. पुतळाबाईने सूर लावला. चुडा भरायचं गाणं असतं, उतरवायचं नसतं. म्हणून तिने भरायचंच गाणं शेवटाकडून सुरू केलं. शेवटच्या देवाची शेवटची बांगडी.

*घे रे वाघोबा देवा, तुझी हिरवी बांगरी,*
*तुझ्या नावाची ठेव, तुझ्या पदरी गो, तुझ्या पदरी…*

कच्. मग खाडीच्या देवाची. कच्. त्या थंडगार, औषधाच्या वासाच्या खोलीत तो सूर लांब लांब जात राहिला, पडद्याआडचे पेशंट उठून ऐकू लागले. शेजारच्या खाटेवरच्या लूम कामगाराची म्हातारी आई डोक्यावर पदर घेऊन पुटपुटत होती, तिच्या भाषेतलं काहीतरी. काशीकाकीने डोळे घट्ट मिटले होते. वज्राबाईच्या बांगडीला तिचेही ओठ हलायला लागले. गावदेवीच्या बांगडीला दोघी मिळून गात होत्या आणि काकीच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

शेवटच्या बांगड्यांखाली, मनगटाच्या आतल्या बाजूला, एक चीर होती. नखाएवढी. तिच्यात वाळकी हळद घट्ट बसली होती. पू नाही, वास नाही. एरवी कोणी जिच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं अशी शांत जखम.

"भरताना एक बांगरी वाढली, काच रुतली," पुतळाबाई खालच्या आवाजात म्हणाली. "काशी घाबरली असती. मीच हलद दाबली आन् वर दुसरी चढवली. पोरगी म्हणाली, आजी, कुनाला सांगू नको." तिने मान खाली घातली. "मना काय ठाव, त्याच्याखाली काय दडून बसल."

क्षितिजाला रागवायचं होतं. पण त्या जखमेला तिचीही बोटं लागली होती. तिने पुतळाबाईचा हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

डॉक्टरांनी चीर उघडली, धुतली. आतून तांदळाच्या कणीएवढी हिरवी काच निघाली. कारखाना बंद झाला होता, पण सुटलेलं विष अजून रक्तात हिंडत होतं, दिसेल त्या पहारेकऱ्याला दिसेल त्या पेशीशी बांधत. डॉक्टरांनी आणखी एक औषध लिहून दिलं; ते भिवंडीत मिळेना. मनोजमामा आणि कुणाल ठाण्याहून घेऊन आले, बर्फाच्या डब्यात, दोघंही घामाने निथळत. बाटल्या छोट्या होत्या, आतलं पाणी जवळजवळ बिनरंगी.

"यात काय हाय?" पुतळाबाईने विचारलं. गोरज मुहूर्त टळून गेला होता. खिडकीबाहेर भिवंडीचं आकाश तांबूस झालं होतं. बाटलीतून थेंब थेंब उतरत होता.

"हे विष बऱ्याच जणांना आयुष्यात कधीतरी भेटून गेलेलं असतं, आजी. त्यांना कळतही नाही. पण त्यांचं रक्त त्याला ओळखून ठेवतं. ऋतिकाच्या रक्तात ती ओळख नव्हती. म्हणून हजारो माणसांच्या रक्तातून गोळा करून तिला देतायत. ती ओळख जाऊन विषाला चिकटते. मग त्याला कोणाचं मनगट धरता येत नाही."

"कुनाची मान्सं? कुठली?"

"ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नसतं."

पुतळाबाईने उतरणाऱ्या थेंबाकडे पाहिलं. "म्हंजी पोरीच्या हाकेला आली, आन् आपण आवतनसुदिक न्हाय दिला." तिला ते फार लागलं. मग तिने बाटलीच्या काचेला हात टेकवला आणि अगदी हळू, नर्सला ऐकू जाणार नाही असं, गायला लागली.

*नाव न्हाय ठाव, गाव न्हाय ठाव,*
*तरी माज्या मांडवाला यावा गो, यावा…*

क्षितिजा खुर्चीवर बसली होती. दोन दिवसांचा थकवा तिच्या पापण्यांवर उतरला. तो पिवळा मांडव पुन्हा आला, मोडलेला, खांब आडवे पडलेले. बाहेर अंधारातून माणसं येत होती. कोणाच्या डोक्यावर टोपी, कोणाच्या पाटी, कोणी परदेशी लोकर पांघरलेलं, कोणी अनवाणी. एकानेही आत येताना गाजावाजा केला नाही. बिनचेहऱ्याचा तो जिथे जिथे दोरा घेऊन फिरत होता, तिथे तिथे ती माणसं जाऊन त्याच्या हातांवर आपले हात ठेवत होती, एखाद्या भांडखोर पाहुण्याला घरातली मोठी माणसं आवरतात तशी. त्याच्या हातातून दोरा गळून पडला. बांधलेली मनगटं सुटली. ओरडून ओरडून घसा बसलेले पहारेकरी खाली बसले, एकमेकांकडे ओशाळून बघू लागले. मग त्या माणसांनी पडलेले खांब उभे करायला घेतले.

"ताई."

उजाडलं होतं. यंत्रावरचा आकडा रात्रीत वर सरकला होता. पलंगावरून ऋतिका तिच्याकडे बघत होती, ओठ फुटलेले, डोळे थकलेले, पण ओळखीचे.

"ताई, माझा अडकित्ता कुणी घेतला?"

क्षितिजा हसली आणि मग इतकी रडली की नर्सला वाटलं, काही वाईट झालं.

ऋतिका घरी आली, आणि थोड्या दिवसांनी तिच्या हातापायांची कातडी सुटू लागली. क्षितिजाने सांगून ठेवलं होतं, या आजारात असं होतंच. तळहातावरचा मेंदीचा पापुद्रा एका सकाळी सबंधच्या सबंध निघाला, वेलबुट्टीसकट, कुणालच्या नावासकट. ऋतिका तो बोटांत धरून बसली. "बघ ना," ती म्हणाली, "इतकी छान रंगली होती." मग तिने उघड्या पडलेल्या तळहाताकडे पाहिलं. खालची कातडी नुकत्या जन्मलेल्या मुलासारखी गुलाबी होती, वारा लागला तरी झोंबणारी.

लग्न पुढच्या महिन्यात लागलं, सकाळच्या उन्हात, अंगणात, डीजेशिवाय. हळद लावायच्या आधी काशीकाकी क्षितिजाला म्हणाली, "तू बघ आदी." क्षितिजाने मान पाहिली, पाठ पाहिली, दोन्ही मनगटं पाहिली, आणि मग पहिलं बोट तिनेच लावलं. चुडा डाव्या हातात तेवढा भरला, तोही सैल. उजवं मनगट उघडं होतं, त्यावर एक बारीक पांढरी रेघ. पाहुण्यांतल्या कोणीतरी कुजबुज केली तेव्हा काशीकाकी वळून म्हणाली, "देवांना परत दिलाय. घालतील त्यांच्या सवडीन."

पुतळाबाई पाटावर बसली. डोळे मिटून तिने नावं घेतली, गावदेवी, वज्राबाई, खाडीचा देव, वाघोबा. माणसं पुढच्या विधीसाठी सरसावली, पण ती थांबली नाही. तिने आणखी एक हाक घातली, ज्यांची नावं ठाऊक नाहीत त्यांना. मांडवातल्या बऱ्याच जणांना ती कोणासाठी आहे ते कळलं नाही. क्षितिजाला कळलं, आणि तिने मान वळवून गोदामाच्या भिंतीकडे बघितलं, कारण डोळे भरून आले होते.

मग हातावर हात द्यायची वेळ आली. एरवी मामा नवरीचा हात उचलून नवऱ्याच्या हातात देतो. मनोजमामा लगबगीने पुढे आला, ऋतिकाच्या मनगटापर्यंत त्याचा हात पोहोचला आणि तिथेच थबकला. त्याने क्षितिजाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

कुणालने आपला तळहात उघडून तिच्यासमोर धरला.

"दुखंल का?" त्याने हळूच विचारलं. "ठेवतेस?"

ऋतिकाने वाकून आधी त्या तळहाताकडे नीट पाहिलं, आणि मग आपला हात त्यावर ठेवला.